वर काच, खाली आक्का

आमच्या घराच्या मधोमध घरच नाही. चारी बाजूंना खोल्या, वरच्या मजल्याला कठडा, आणि मध्ये जमिनीपासून वरपर्यंत मोकळा चौक. त्या चौकावर काचेचं छत. लग्न होऊन आले तेव्हा मी ह्यांना विचारलं होतं, बांधताना विटा कमी पडल्या का म्हणून. हे हसले नाहीत. हसली ती ह्यांची थोरली बहीण, आक्का. ती चौकात शिलाई मशीनवर बसली होती. पाय न थांबवता हसली, आणि तिचं हसू वरच्या कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत जाऊन आलं.

या घरात राहणं म्हणजे डोक्याला ताप, हे मी आजही सांगेन. खाली कांदा परतला की वरच्या उशांना वास. उन्हाळ्यात काच तापली की वरच्या खोल्यांत बसवत नाही, थंडीत पायाखालची फरशी अंगावर येते. काचेच्या सांध्यातून पाणी गळतं ते नेमकं जिन्यावर. पारवे छतावर बसून त्यांना करायचं ते करतात, आणि बांबूला फडकं बांधून मान मोडेपर्यंत पुसायचं कुणी? मी! भांडणाचं तर बोलूच नका. आम्ही दोघं दार लावून, आवाज दाबून भांडायचो आणि खालून आक्काचा निकाल यायचा, की या खेपेला तुझ्या बायकोचं बरोबर आहे रे. माझं डोकंच फिरायचं. माझी बाजू घेतली तरी फिरायचं.

पण सकाळ झाली की माझा राग टिकत नसे. ऊन आधी कठड्यावर उतरायचं, मग भिंतीवरून सावकाश खाली सरकत जेवणाच्या सुमाराला आक्काच्या मशीनवर येऊन बसायचं. वरून ढग गेला की सगळ्या खोल्या एकदम मंद व्हायच्या, आणि तो सरला की एकदम उजळायच्या, जणू सगळं घर मिळून डोळे मिटतंय आणि उघडतंय. मी कठड्याला टेकून बघत राहायची. खाली निळं कापड सुईखालून सरकत असायचं, संपायचंच नाही, आणि आपण कुठे आहोत, कशाला उठलो होतो, काही आठवायचं नाही. दूध उतू जायचं तेव्हा मी जागी व्हायची.

आक्का पडदे शिवायची आणि शाळेचे गणवेश. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी आजवर छाती झालेली नाही. बोलायची मात्र घरातल्या सगळ्यांच्या वाटचं. मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनात स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. दवाखान्यातून ती घरी आली त्या दिवशी चौक इतका गप्प होता की मला माझ्याच पावलांची लाज वाटली. जिच्या बोलण्याला मी एवढी कंटाळायची, तिचा एक शब्द ऐकायला मी तेव्हा काय वाट्टेल ते दिलं असतं.

आमच्या मुलाने तिला पाटी आणून दिली. तिने खुणेनेच विचारलं, लिहीत बसू तर शिवू कधी? मग त्याने हातात धरून वाजवायची घंटा आणली. तिने ओठ हलवून म्हटलं, 'मी काय शाळा आहे?' आणि ती घंटा गिऱ्हाइकाच्या लेकराला खेळायला देऊन टाकली. शेवटी तिनेच तोडगा काढला. मशीनखालच्या चिंध्यांतला हिरवा तुकडा वर धरला की हो, ठीक आहे. लाल धरला की खाली या. चौकातून वर धरलेलं कापड कुठल्याही खोलीतून दिसतं. एकदा तिने कुणाचा तरी लालभडक पडदा झटकला आणि सगळं घर जिन्यावरून धडपडत खाली आलं, हे तर गालाला साबण फासलेले. आक्का आवाज न करता इतकी हसली की तिला स्टुलावर बसवावं लागलं. मीही हसले.

ह्यांचा एक नेम होता. पाण्याचे मीटर तपासत आयुष्यभर लोकांचे जिने चढून ह्यांचे गुडघे गेलेले. म्हणून दुपारचा चहा हे वर कठड्याशी घेत आणि खाली विचारत, "आक्का, चहा झाला का?" हिरवा तुकडा वर आला की मग पहिला घोट.

मुलाचं लग्न ठरलं आणि खोलीचा प्रश्न आला. त्याने सुचवलं, चौकावर पहिल्या मजल्याच्या उंचीला स्लॅब टाकू, वर ऐसपैस खोली होईल, उकाडाही कमी होईल. खाली ट्यूब लावू, आत्याला विजेची बेल बसवून देऊ. हे लगेच तयार. मी भडकले. तोंडाला येईल ते बोलले, की तिला जन्मभर तळघरात बसवणार आहात का. हे म्हणाले, तिलाच विचार. विचारायचं काय, तिने खालून सगळं ऐकलंच होतं. मी वाकून पाहिलं तर हिरवा तुकडा वर. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची एवढी हौस कशाला, म्हणून मी दोन दिवस तिच्याशीही अबोला धरला.

गवंडी आले. चौकात टेकू उभे राहिले, त्यांवर स्लॅब ओतण्यासाठी सेंटरिंगच्या फळ्या बसल्या. मशीन भिंतीला गेलं. वर ऊन नेहमीसारखं उतरलं, फळ्यांवर पसरलं आणि तिथेच राहिलं. खाली भरदुपारी ट्यूब लागली.

मी स्वयंपाकघरात होते. वरून ह्यांचा आवाज आला, "आक्का, चहा झाला का?" मग थोड्या वेळाने पुन्हा. मग जरा चिडून. काय झालं बघावं म्हणून मी बाहेर आले.

आक्का टेकूंच्या मधोमध उभी होती. हातात हिरवा तुकडा. हात वर, नजर वर, फळ्यांकडे. ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तशी ती टाचा उचलून उभी राहिली आणि हात आणखी वर ताणला. मला तिच्या वतीने ओरडून सांगता आलं असतं. मी तिच्या हाताकडेच बघत राहिले.

हे भिंत धरत, बडबडत जिना उतरले. उत्तर द्यायला काय होतं हिला, बरी आहे ना, असं काहीतरी. शेवटच्या पायरीवर त्यांची नजर तिच्या वर धरलेल्या हातावर गेली. आक्काने एकदा फळ्यांकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि मग कुठे तिचा हात खाली आला.

"मला दिसत नव्हतं गं, आक्का," हे म्हणाले आणि पायरीवरच बसून लहान मुलासारखे रडले. ती त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. आमची वरची खोली मुलाला आणि होणाऱ्या सुनेला द्यायची, आपण खाली आक्काशेजारी यायचं, हे मीच जाहीर करून टाकलं. गवंडी कुरकुरले, पण फळ्या काढायला लागले. एकेक फळी निघाली तसा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी खाली आला. बाजूला हो म्हणून कितीदा सांगितलं, आक्का मधून हलली नाही. हे दुखरे गुडघे घेऊन पुन्हा वर चढले आणि पहिल्याच फटीतून विचारलं, "आक्का, चहा झाला का?"

तिचा चहा ओट्यावर तसाच गार झाला होता. तिने हो म्हटलं.