बाहुलीला पाजलेलं पाणी

माझी नात पाळणाघरात काम मिळावं म्हणून शिकते आहे. काल ती प्लास्टिकची बाहुली मांडीवर घेऊन सराव करत बसली होती. वाटीतलं साखर-मिठाचं पाणी चमच्याने तिच्या ओठांना लावत होती.

"आजी, मुलाला जुलाब झाले तर पाणी बंद करायचं नाही. थोडं थोडं पाजत राहायचं. उद्या परीक्षेत हेच करून दाखवायचंय."

आमच्या वेळी उलटं होतं. जुलाब झाले की मुलाचं पाणी तोडायचे. सासूबाईंनी सांगितलं, मी ऐकलं. माझी थोरली दीड वर्षांची होती. दोन दिवस माठाकडे हात करत राहिली, म्हणून मी माठ उचलून परसात नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी ती गेली. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मीही तेच म्हणत आले, कारण ते म्हणायला सोपं होतं.

साखर, मीठ, पाणी सगळं घरातच होतं.

बाहुलीच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. मी ते पदराने पुसलं.

"अगं आजी, प्लास्टिकची आहे ती!" नात हसली.

"दिसतंय मला," मी म्हटलं. "आणखी एक चमचा दे तिला."