शेळीपालनाची सीडी

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर सीडी विभाग आहे आणि त्या विभागात मी. कपाटांत पिक्चर, जुन्या मालिका, आणि शेतीच्या विद्यापीठात असायच्याच अशा शेळीपालन, ठिबक, मुरघास वगैरेंच्या सीड्या. पोरं सगळं मोबाईलवर बघतात. वर कुणी आलंच तर पंख्याखाली डबा खायला येतं. तरी दर सोमवारी मी जिन्याजवळच्या फळ्यावर एक कार्ड लावते, ‘या आठवड्यात हे पाहा’. हे मला कुणी सांगितलेलं नाही. रविवारी घरी स्वतः बघायचं, आवडलं तरच चार ओळी लिहायच्या. न बघता शिफारस करणारी माणसं मला चालत नाहीत.

मी मुळातच तिरसट. राग नाकावर. लग्न केलं नाही, श्रीरामपूरला दोन खोल्यांत एकटी राहते. शनिवारी संध्याकाळी विभागाला कुलूप लावलं की सोमवारपर्यंत दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही. त्याची सवय झालीय असं मी सगळ्यांना सांगते. झालेली नाही.

कार्ड वाचून सीडी नेणारा माणूस एकच होता. मृदाशास्त्राचे निवृत्त प्रोफेसर, बायको गेल्यावरही मागच्या कॉलनीतच राहिलेले. दर सोमवारी अकराला यायचे, आधीची सीडी परत करायचे, नवी न्यायचे. मी विचारायची, “सर, कसा वाटला?” मग ते खुर्ची ओढून बसत. “छानच. पण मॅडम, तुम्ही सांगा, तुम्हाला त्यात काय दिसलं?” झालं, मी सुटायची! आठवडाभर साठलेलं बोलणं त्या पाऊण तासात बाहेर पडायचं. थर्मासमधला चहा दोघांत व्हायचा. झाडायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, “सोमवारी बाई लई गोड बोलत्यात.” मी त्यांना दटावायची, पण त्यांचं खोटं नव्हतं. त्या एका सोमवारावर माझा आठवडा निभत होता.

गेल्या हिवाळ्यात काष्टीहून भाऊ आला. त्याला शेळ्या पाळायचं खूळ लागलेलं, म्हणून मी शेळीपालनाची सीडी घरी नेली. त्याच रविवारी शिफारशीचा पिक्चरही बघितला. दोन म्हाताऱ्या बहिणी वडिलांचं घर विकायला निघतात, त्याचा. आमच्या सीड्या पांढऱ्याफटक, वर नुसता नंबर. एकीवर ४१७, दुसरीवर ४७१. भावाशी बोलता बोलता घातल्या कव्हरांत. सोमवारी कार्डावर लिहिलं, ‘शेवटचा किल्लीचा प्रसंग चुकवू नका.’ सरांनी कव्हर नेलं.

गुरुवारी शेळीपालनाचं कव्हर उघडलं तर आत ४१७, बहिणींचा पिक्चर! अगं बाई! म्हणजे सर घरी शेळ्यांचं लसीकरण बघत बसले असणार. मी एकटीच खो-खो हसले. सोमवारी त्यांची कशी फिरकी घ्यायची, तेही ठरवून ठेवलं.

सोमवारी सर आले, कव्हर टेबलावर ठेवून बसले. “मॅडम, काय तो किल्लीचा प्रसंग! धाकटी किल्ली देते ना, डोळ्यांत पाणी आलं हो.”

मला वाटलं, तेच माझी फिरकी घेतायत. तोंडाकडे बघितलं. चेष्टेचं नाव नव्हतं. आणि किल्ली धाकटी देतच नाही, थोरली देते.

शहाणी बाई गप्प बसली असती. माझा तिळपापड झाला. इतके सोमवार मी जीव तोडून बोलले ते कुणाशी? म्हटलं, “सर, यात शेळीपालन होतं. किल्ली कुणी दिली, शेळीनं?”

दारात दोन पोरी डबा घेऊन आलेल्या. त्या फिस्सकन हसल्या. सरांचे कान लाल झाले. “असं होय,” एवढंच म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले. त्यांचा चहा ओतलेला तसाच राहिला.

पुढच्या सोमवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

“काय बोललात का तुमी सरांला?” मावशींनी विचारलं.

“मी कशाला बोलू?”

“बोलला असनार. तुमची जीभ मला ठावं हाय.”

तिसऱ्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ४१७ पर्समध्ये टाकली आणि कॉलनीत गेले. सरांनी दार उघडलं आणि ओशाळले. मीही ओशाळले. आत टीव्ही होता, त्याच्यावर भरतकामाचं कापड, शेजारी सीडीचं मशीन, तेही झाकलेलं.

“चालतं की नाही कुणास ठाऊक,” सर म्हणाले. “ही गेल्यापासून लावलंच नाही. दोघं शेजारी बसून बघायचो. एकट्याला नाही हो बघवत.”

“मग सीडी कशाला न्यायचात?”

“न नेता वर काय म्हणून येणार होतो? तुमचं कार्ड वाचायचो, कव्हरामागचं वाचायचो. बाकीचा पिक्चर तुम्ही सांगायचात. मला तेवढा पुरायचा.”

या माणसाचं मी पोरींसमोर हसं केलं होतं. सीडी पर्समधून काढून हातात धरली. सोफ्यावर दोघांपुरती जागा होती. ‘लावा सर, मी बसते.’ चार शब्द. अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी एक बाई हात थांबवून आमच्याकडे बघायला लागली. एकट्या बाईनं एकट्या पुरुषाच्या घरात किती वेळ उभं राहावं, याचा हिशोब मी जन्मभर करत आलेय. तो तिथंही केला.

“येते मी. सोमवारी या,” म्हटलं.

“बघू,” सर म्हणाले.

ते आले नाहीत. उन्हाळ्यात मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला, हेसुद्धा मला मावशींकडून कळलं. आणि जिला भिऊन मी त्या दारातून मागं फिरले, ती गॅलरीतली बाई कोण, कुणाची, मला आजतागायत माहीत नाही.