माधवीचा फेटा

पाडव्याच्या शोभायात्रेआधी आम्ही चौघी मैत्रिणी चौकात फेटे बांधून घेत होतो. माधवीचा नंबर आला तेव्हा तिने डोक्यावरचा रुमाल सरळ काढला. केमोने केस गेलेलं तिचं डोकं उन्हात चकाकलं. रांगेतली एक बाई पुटपुटली, "अशा वेळी घरी बसावं माणसाने."

"बसले की वर्षभर," माधवी वळून म्हणाली. "आज नाही बसणार."

फेटेवाले काका मात्र खूश. "ताई, केसांवरून कापड सरकतं. तुमचा फेटा जागचा हलणार नाही!"

आजाऱ्याने कसं दिसावं, हेसुद्धा धडधाकट माणसंच ठरवतात. सणाला त्याच्या घरी डबा पाठवला की यांचं कर्तव्य संपलं. माधवीला डबा नको होता. तिला ढोलाचा दणदणाट हवा होता आणि पंगतीत पान हवं होतं.

दुपारी माझ्या घरी जेवायला बसलो, तोवर आम्हा तिघींचे फेटे सुटून खांद्यावर आले होते. तिचा तस्साच ताठ. कडुनिंबाची चटणी तिने बाजूला सारली. "गेल्या वर्षी पोटभर कडू खाल्लंय. श्रीखंड आण."

मी जपून अर्धा डाव वाढला.

तिने माझा हात धरला. "आजाऱ्याला वाढल्यासारखं काय वाढतेस? घाल अजून!"