शिवेवरची खिचडी

मी आयुष्यात एकच घर बांधलं, आणि ते आसगावच्या शिवेवर बंद पडलं.

घर म्हणजे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. गोंदियाच्या एका माणसाकडून घेतली, आतल्या सीटा काढून टाकल्या, आणि भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आमच्या अंगणात उभी करून सुताराकडून पलंग, ओटा, भांड्यांची फळी असं सगळं बसवून घेतलं. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदेसुद्धा लावले! (इंजिन तेवढं बघायचं राहून गेलं. घर बांधताना इंजिन कोण बघतो?) बायको एकदाच आत डोकावली आणि म्हणाली, "घर सोडून घरात कायले जाऊ मी?" तिच्यापुरता विषय तिथेच संपला.

पण गाडी खरं तर आईसाठी होती. कंबरेच्या हाडामुळे तिला बसून प्रवास जमत नव्हता, आणि तिकडे आसगावला तिचा एकुलता एक भाऊ, आमचा नामदेवमामा, अंथरुणाला खिळला होता. दोघांचं बोलणं बंद. मामाच्या नातवाच्या लग्नाचं आमंत्रण माझ्या मोबाइलवर आलं होतं, सांगायला माणूस आला नव्हता. "फोनवर बलावते मले? सख्ख्या बहिणीले?" म्हणून आई गेली नाही. आई आली नाही म्हणून मामा रुसला. मामाच्या आजारपणाची खबर आली तेव्हा मात्र आईच म्हणाली, "ने रे मले. कोनाचे डोये आधी मिटतीन काय मालूम. एकडाव बोलू दे त्याच्यासंग."

तर निघालो. आई पलंगावर आडवी, मी स्टिअरिंगवर. मामाच्या दारात गाडी नेऊन दणकून हॉर्न वाजवायचा आणि अख्खं आसगाव बाहेर काढायचं, असा माझा बेत होता. कोंढा गाव मागे पडलं. आसगावची घरं दिसायला लागली. शिवेवरच्या नहराच्या (कालव्याच्या) पुलाजवळ गाडीने एक लांबलचक ढेकर दिला आणि ती जी थांबली ती थांबलीच.

मागून सुदाम नावाचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येत होता, ट्रॉलीत धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा. त्याने ट्रॅक्टर थांबवला, खिडकीतून आईला ओळखलं. "भाऊ, दोर बांधू का? नामदेवभाऊच्या दारात नेऊन सोडतो ना!"

"नको, नको," मी खिशातून मोबाइल काढत रुबाबात म्हणालो. "आपल्याकडे रोडसाइड असिस्टन्स आहे."

"म्हंजे?"

"कंपनीचा माणूस येतो. गाडी जिथं असेल तिथं."

सुदामने रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गावाकडे निघून गेला.

फोनवर आधी गाणं लागलं, मग एक मुलगी आली. "सर, आपली गाडी गोंदियाची दिसते आहे. गोंदियाहून मदत पाठवू?"

"गाडी गोंदियाची, माणूस भंडाऱ्याचा! अहो, जिल्हे वेगळे होऊन जमाना झाला!"

"त्याबद्दल आम्हाला खेद आहे, सर. गाडीत किती प्रवासी आहेत?"

"एक. झोपलेली आहे."

"सर, अपघात झाला आहे का?"

"नाही हो! पलंगावर झोपली आहे!"

"गाडीत पलंग आहे?" मुलीने फोन होल्डवर टाकला. पुन्हा गाणं. मग म्हणाली, "मेकॅनिक निघाला आहे, सर. तोपर्यंत मालकांनी गाडी सोडू नये आणि बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नये. नाहीतर सेवा रद्द होईल."

"अरे, तणसावर झोपून गेली असती ना मी," आई आतून म्हणाली. "माहं गाव समोर दिसून राहिलं!"

"आई, येतोच आहे तो. गाडीनं आलो, गाडीनंच जाऊ."

तो येईना. उन्हं डोक्यावर आली. आईला साखरेचा आजार, तिचं जेवण चुकवून चालत नाही. ओटा होता, सिलिंडर होता, डाळ-तांदूळ होते. एवढं घर बांधलंय कशाला? मी लसणाची खमंग फोडणी देऊन कुकरमध्ये खिचडी टाकली!

आता आमच्याकडे लेक माहेराला निघाली की वाटेत वाटेल तिथे खाते, पण माहेरच्या शिवेत शिरल्यावर नाही. तिथे तिने स्वतःची चूल पेटवली, तर तिला भावाच्या घरचं पाणीही नको आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे मला कळायला हवं होतं. पण मी लसूण जळू नये म्हणून बघत होतो.

सुदाम परत शेताकडे जाताना कुकरच्या शिट्टीचा आवाज ऐकून थबकला, आत डोकावला, आणि ट्रॅक्टर वळवून जो सुसाट गावात गेला तो थेट मामाच्या घरी. "नामदेवभाऊ, तुमची बहीणबाई शिवेवर सयपाक करून राहिली!"

महिनाभर न उठलेला मामा उठला. (डॉक्टरांच्या औषधाला जे जमलं नाही ते माझ्या खिचडीने केलं.) तणसाच्या ट्रॉलीत, घोंगडी पांघरून, मामा नहरावर हजर! सुदामने धरून खाली उतरवलं. मामा दाराशी येऊन रडायलाच लागला.

"काहून वो बाई? माह्या घरचा घास बी नाही चालत तुले? एवढा का मी मेलो?"

आईच्या हातातली ताटली खाली पडली. "मी तुह्याच घरी येऊन राहिली होती रे, बापा! या येड्यानं मले सडकेवर अडवून ठेवलं!"

दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. कित्येक वर्षांनी बहीण-भावाचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

मग आईला तणसावर निजवलं, मामा तिच्या उशाशी बसला. "चाल ना रे, विलास," आई म्हणाली. मोबाइलवर संदेश आला होता, 'आपला मेकॅनिक लवकरच पोहोचत आहे.' मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच!"

दिवस मावळता मावळता मेकॅनिक आला. मोटारसायकलवर. त्याने इंजिनाकडे ढुंकूनही बघितलं नाही, आत बघितलं.

"साहेब, यात तर ओटा आहे."

"आहे."

"पलंग आहे. पडदे आहेत. हे तर घर झालं. आम्ही गाडीसाठी येतो, घरासाठी येत नाही." त्याने खिचडीच्या कुकरचा फोटो काढला, प्यायला पाणी मागितलं आणि गेला.

शेवटी सुदामनेच दोर बांधला. मामाच्या दारात पोचलो तेव्हा हॉर्नही वाजत नव्हता. जेवणं झाली होती, रडणं झालं होतं, जे काही बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. मामाच्या खाटेला लागून आई झोपली होती, आणि मामाचा हात तिच्या हातात होता. काय बोलले, ते मला कुणी सांगितलं नाही. उन्हाळ्यात मामा गेला. तीच त्यांची शेवटची भेट, आणि ज्याने ती घडवायला अख्खं घर बांधलं तो कुकरची राखण करत बसला होता. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

गाडी आता अंगणात उभी आहे, तिच्यात कोंबड्या राहतात. आई येणाऱ्याजाणाऱ्याला त्या संध्याकाळबद्दल सांगते. मामाने तिला कसं वाढलं, कसं हसवलं. ऐकणारा कुणीतरी हटकून विचारतो, "अन् विलास कुठी होता?"

"तो ना?" आई म्हणते. "तो आपल्या घरी होता."