युनूसभाईंची प्रकाशाची तार

सलमाचा फोन आला तेव्हा माझी गाडी हिंजवडीच्या चौकात अडकली होती. "मॅडम, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले आणि बसल्या जागी... गाडी वळवून मी भवानी पेठेत पोचले तोवर युनूसभाईंना नेलं होतं. त्या घरात मी दुसऱ्यांदाच पाऊल ठेवत होते. दोन्ही वेळा दारात चपलांचा ढीग होता.

याला आता दीड महिना झाला.

युनूसभाई मायक्रोस्कोप दुरुस्त करायचे. पुण्यातल्या कितीतरी कॉलेजांची यंत्रं त्यांच्या हाताखालून गेली होती. आमच्या प्रयोगशाळेतही ते त्याच कामासाठी आले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि रुग्णांच्या अंगात घालाव्या लागणाऱ्या नळ्यांवर संशोधन करते. लघवीची नळी काही दिवस आत राहिली की तिच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, पाण्याच्या टाकीत शेवाळ धरतं तसा. औषध त्या थराच्या आत नीट पोचत नाही. म्हणून नळीत एक निळा रंग सोडायचा आणि त्यावर लाल प्रकाश टाकायचा. प्रकाश पडला की रंग कामाला लागतो आणि जिवाणू मरतात, असं आमचं काम. अडचण एकच होती. लांब, वळणावळणाच्या नळीत प्रकाश न्यायचा कसा? आम्ही वापरत होतो ते प्रकाश वाहून नेणारे बारीक तंतू फक्त टोकाशी उजळत. हे मी एका विद्यार्थिनीला वैतागून सांगत होते आणि युनूसभाई शेजारी भिंगं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढं शिकलात मॅडम, आणि प्रकाश सांडायचा कसा, हे कुणी सांगितलं नाही?"

पुढच्या आठवड्यात ते प्लास्टिकचा एक बारीक तंतू घेऊन आले. तार म्हणायचे ते त्याला. पॉलिश पेपरनं तिची बाजू घासून आणली होती. दिवा लावला तशी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी लाल उजळली. मी बघतच राहिले. "दिव्याजवळ हात हलका ठेवायचा, टोकाकडे जड," ते म्हणाले. "जवळ उजेड जास्त, तिथे कमी सांडू द्यायचा." त्या तारेनं आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या नळीतला थर मेला. तपासणीच्या बशीत जिवाणूंचा एकही ठिपका उगवला नाही.

"म्हणजे सगळे मेले?"

"सगळे."

"पुन्हा करून बघा," युनूसभाई म्हणाले. असं त्यांनी तीनदा करायला लावलं. मला वाटलं, कारागिराची चिकाटी. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, एक तार घरी नेऊ?"

"कशाला?"

"रझियाला नळी आहे. चार वर्षं झाली."

त्यांच्या पत्नीला अर्धांगवायू झाला होता, हे मला तेव्हा कळलं. दर महिन्या-दोन महिन्यांनी ताप, दर वेळी आणखी जोराचं औषध. मी त्यांना समजावलं. रंगाचा आतल्या त्वचेवर काय परिणाम होईल, उष्णता किती होईल, काहीच तपासलेलं नाही. एथिक्स कमिटी आहे, परवानग्या आहेत, वर्षं लागतील. सगळं खरं होतं. ते म्हणाले, "माणसावर नाही लावत, मॅडम. नुसत्या नळीवर लावतो."

"युनूसभाई, नळी माणसातच असते ना?"

ज्या सुरात मी हे म्हटलं, तो सूर अजून माझ्या कानात आहे. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि गेले.

चार महिन्यांनी रझियाभाभींचा संसर्ग रक्तात उतरला. एकामागून एक औषधं बदलली, एकही लागू पडलं नाही. नवव्या दिवशी त्या गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा युनूसभाईंनी उठून मला स्वतःची खुर्ची दिली. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर ते प्रयोगशाळेत आले, पिशवीतून नवी तार काढली आणि म्हणाले, "ही अजून बारीक आहे. लहान मुलांच्या नळीत जाईल." मला वर बघवेना. त्यांनी मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त टोमणे मारायचं सोडलं...

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ते पिशवी घेऊन निघून गेले त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या तारांच्या खोक्यात एक तार कमी होती. एक छोटा दिवा आणि रंगाची एक कुपीही नव्हती. मी गप्प बसले. भाभी गेल्यावर तर मला त्याचा आधारच वाटू लागला. त्यांनी घरी गुपचूप करून पाहिलं असणार, आणि तरीही उपयोग झाला नसणार. म्हणजे माझ्या नकारानं काही बिघडलं नाही. तीन वर्षं मी या समजुतीवर काढली.

गेल्या आठवड्यात सलमानं घरी बोलावलं. माझ्यासमोर तिनं रुमालात बांधलेला एक डबा ठेवला. आत तार होती, दिवा होता आणि निळ्या रंगाची कुपी होती. कुपीचं सील तसंच होतं.

"अम्मीचा ताप उतरेना, तेव्हा मीच म्हटलं, अब्बा, लावून तर बघा," ती म्हणाली. "तार हातात घेऊन ते तिच्याजवळ बसले. बराच वेळ बसले. मग गुंडाळून ठेवून दिली."

"का?"

"म्हणाले, मॅडम नको म्हणाल्यात. त्यांना माहीत असणार."

मला माहीत नव्हतं. तेव्हाही नाही, आजही नाही.

डबा आता माझ्या टेबलावर आहे. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत त्या तारेची परत आल्याची नोंद करायची आहे. त्या नोंदीपुढे 'न वापरलेली' असं लिहावं लागेल. रोज वही उघडते... अजून लिहिलेलं नाही.