पुन्हा उपविजेते

फेब्रुवारीच्या कलत्या उन्हात मैदानाच्या कडेला बसलं, की दोन वास एकमेकांत मिसळून येतात: खेळाडूंनी पोटऱ्यांना चोळलेल्या तेलाचा आणि प्रेक्षकांनी सोललेल्या संत्र्यांचा. आमचे वडील हातमागावर लुगडी विणत. रविवारी माग थांबला, की मला आणि माझ्या थोरल्या भावाला, मधुदादाला, घेऊन ते वस्तीच्या फुटबॉल संघाचा सामना बघायला निघत. वडील गेले, माग मोडीत निघाला, मी कॉलेजात शिकवून निवृत्त झाले आणि मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. रविवारची दुपार मात्र मैदानाचीच राहिली.

आमचा संघ चांगला आहे. हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने उच्चारत असे, हल्ली त्यात एक क्षीण उसासा मिसळतो. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याचं मन कधीतरी निबर होऊन जातं; आमचं तसं झालं नाही. आमचा संघ दरवर्षी शहराच्या लीगमध्ये पहिल्या तिघांत असतो, पावसाळा सरल्यापासून आशेला हळूहळू पालवी फुटू देतो, आणि विजेतेपद हाताशी आलं असं वाटू लागतं तेव्हा मागे पडतो. इतकं जवळ जाऊन परतण्याची सवय कुणालाच होत नसावी.

एका मोसमात शेवटच्या सामन्यात विजेतेपदासाठी आम्हाला बरोबरीही पुरेशी होती. मध्यंतराला आम्ही एका गोलने पुढे होतो. मधुदादाच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन फार काळ लोटला नव्हता, डॉक्टरांनी त्याला मनस्ताप टाळायला सांगितलं होतं, आणि तो माझं मनगट घट्ट धरून बसला होता. मग एक अगदी साधा चेंडू आमच्या गोलकीपरच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला. सामना संपता संपता आमच्यावर दुसराही गोल झाला. समोरच्या बाजूला ढोल वाजू लागले. दादा ओरडला नाही, कुणाला बोल लावला नाही, त्याने माझं मनगट सोडलं आणि तो म्हणाला, "झालं वं माझं. आता मी नाही येत. जीव थकून गेला."

माझाही जीव थकला होता.

पुढच्याच आठवड्यात क्लबच्या सभासदांची सभा बोलावली गेली. विषय एकच, कोच बदलायचा का. आमचे कोच रफीकभाई. वेल्डिंगचं दुकान सांभाळून कित्येक वर्षं पहाटे मुलांचा सराव घेणारे, मितभाषी गृहस्थ. दादा सभेला यायला तयार झाला. "सामन्याले नाही, मत द्याले चाललो," असं त्याने मला बजावलं. त्याला बदल हवा होता. रिक्षात बसताना मलाही तसंच वाटत होतं.

सभा भरली त्या शाळेच्या पटांगणात कडुनिंबाच्या पानांचा पिवळा सडा पडला होता. बरीच भाषणं झाली. शेवटी रफीकभाई उभे राहिले. "मी खोटं नाही बोलत," ते म्हणाले, "पोरं मेहनती आहेत, पण आपल्याहून भारी टीम गावात एक आहे. पुढच्या साली बी असंच होऊ शकते. चांगले खेळतील, एवढं सांगतो. कपाचा वादा मले नाही करता येत."

"मग तुमाले काहून ठेवायचं?" मागून कुणीतरी विचारलं. थोडं हसू उसळलं. रफीकभाई खाली बसले.

आणि दादा रागाने उठला. "बाकीच्या टीमचे कोच दरसाल कप आणतो म्हणतात अन् सातव्या नंबरावर राहतात. हा माणूस खरं बोलून राहिला, तं हसता काहून?" त्याला धाप लागली. मी त्याला खाली बसवलं. मतदानाच्या वेळी त्याचा हात बराच वेळ मांडीवर पडून होता; मग रफीकभाईंच्या बाजूने वर गेला. माझाही गेला. थोडक्या मतांच्या फरकाने रफीकभाई राहिले. जे नाराज झाले ते क्लब सोडून गेले, आणि त्यांच्यामागे आमचे दोन उमदे खेळाडूही दुसऱ्या संघात गेले. खरं बोलण्याची किंमत संघाने अशी मोजली.

दिवाळीनंतर नवा मोसम सुरू झाला. पहिल्या रविवारी दादा न बोलावता माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. सामना सामान्यच झाला, गोलशून्य. एकदा मात्र आमच्या मुलांनी मागून पुढपर्यंत चेंडू असा काही खेळवत नेला, की त्या कोवळ्या थंडीत अंगावर शहारा आला. चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला, आणि दादा चक्क हसला.

परतताना त्याने विचारलं, "यंदा तिसरे तरी येऊ काय वं?"

"येऊ," मी म्हणाले.

आयुष्यभर आम्ही याहून मोठा प्रश्न विचारत आलो होतो. आता तो इतका लहान झाला, याला शहाणपण म्हणावं की नुसता थकवा, मला कळेना. पश्चिमेकडे उजेड विझत चालला होता. दादा पुढे चालत होता, आणि येत्या रविवारचा सामना किती वाजता आहे, हे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता.