दोनदा जेवलेलं यकृत

समजा, तुमच्यासमोर एक बशी आहे. तिच्यात मूळपेशींपासून वाढवलेले यकृताचे मोहरीएवढे गोळे आहेत. रोज त्यांच्यावरचं जुनं द्रव नळीने ओढून तपासणीला ठेवायचं आणि ताजं गुलाबी द्रव घालायचं. हात जरा हलला, की गोळेच नळीत. एक दिवस विसरलात, की सगळे उपाशी.

तेहरानच्या एका प्रयोगशाळेत तूरानखानुम हेच काम करतात, जोडीला इस्फंदियारआगा. अडचण आली नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, तेराव्या दिवशी. त्या दिवशी घरात बसणं अशुभ. सारं शहर सतरंज्या घेऊन गवतावर. पण गोळ्यांना सुट्टी कुठली?

"तुम्ही जा, मी आहे," तूरान आदल्या संध्याकाळी म्हणाल्या.

"छे, मी असताना तुम्ही? तुमच्या पायाची धूळ मी."

हे लिफ्टपर्यंत चाललं. मग लिफ्टमध्ये आधी कोण शिरणार, यावर चाललं. शेवटी ‘जशी तुमची मर्जी’ म्हणत दोघंही घरी गेले.

तेराव्याला बागेत तूरान जेवता जेवता थांबल्या. इस्फंदियारआगा नक्की काय म्हणाले होते? नवरा म्हणाला, फोन करून विचार. पण विचारायचं म्हणजे तुमच्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणंच की. त्या उठल्या आणि तडक प्रयोगशाळेत पोचल्या.

तिथे इस्फंदियारआगा हजर. चष्मा विसरलो, म्हणाले. चष्मा नाकावर होता. तूराननी छत्री विसरल्याचं सांगितलं. बाहेर रखरखीत ऊन. ते चहा टाकायला गेले, तेवढ्यात तूराननी गुपचूप द्रव बदललं, जुन्या द्रवाची नळी फ्रिजमध्ये पार मागे दडवली आणि चहा पिऊन सटकल्या. त्या गेल्यावर इस्फंदियारआगांनीही ते ताजंच द्रव बदललं आणि आपली नळी फ्रिजमध्ये पुढेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर गुलरुखनी समोर दिसली ती, इस्फंदियारआगांची नळी तपासली. यकृत रोज जे प्रथिन पाझरवतं, त्याचा पत्ताच नाही.

"आळशी निघालं हे. टाकून द्या बशी."

टाकून द्या? दीड महिना भरवलेली बशी? तूराननी मान खाली घालून फ्रिजच्या मागून आपली नळी काढली. तीत प्रथिन भरपूर होतं.

"मग पहिली नळी कुणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

इस्फंदियारआगांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बशी वाचली. दोघं एकमेकांची माफी मागत लिफ्टपर्यंत गेले, आणि तिथे पुन्हा आधी कोण यावर अडले. पुढच्या तेराव्याचा विषय निघालाच. "तुम्ही जा, मी आहे," इस्फंदियारआगा म्हणाले.

प्रथिन मोजायचं यंत्र तूरानकडे आहे. पण हा माणूस खरंच थांबणार आहे की नुसता मान ठेवतोय, हे मोजायचं कशाने?